विश्लेषण : गोल्डफिशला गोल बाऊल का चालत नाही? घरासाठी योग्य टँक कसा निवडाल?

मासा शंभर रुपयांचा असला तरी त्याला लागणारे पाणी शंभर लिटरच्या घरात जाते. लिटर, वजन, फिल्टर आणि उन्हाळा यांचा हिशेब आधी केला, तर माशाचा जीवही वाचतो आणि पैसेही.

पनवेलजवळ माथेरान रस्त्यालगतचे सुकापूर गेल्या काही वर्षांत इमारतींचे गाव झाले आहे. पाली देवद ग्रामपंचायतीच्या या परिसरात वन आणि टू बीएचके फ्लॅटमध्ये राहणारी तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कुत्रा किंवा मांजर पाळायला जागा नसते, घरातले दोघेही नोकरीवर असतात. मग मुलांच्या हट्टावर सोपा तोडगा म्हणून गोल्डफिश घरी येतो. काचेचा गोल बाऊल, मूठभर रंगीत खडे, खाद्याची डबी आणि दोन मासे असा संच टीव्ही युनिटवर मांडला जातो.

पुढे काय होते, हे अनेक घरांना माहीत आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गढूळ होते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. आठवडाभरात एक मासा तरंगताना दिसतो. दुकानदाराने आजारी मासा दिला, नळाच्या पाण्यात काहीतरी होते, मुलाने खाद्य जास्त टाकले, अशी कारणे शोधली जातात. बहुतेक वेळा खरे कारण समोरच असते, ते म्हणजे अपुरे पाणी. गोल्डफिशसाठी टँक निवडणे म्हणजे प्रत्यक्षात काय निवडणे, ते समजून घेऊ.

गोल्डफिश किती मोठा होतो?

दुकानात दिसणारा दीड-दोन इंचांचा गोल्डफिश हे पिल्लू असते. शास्त्रीय वर्गीकरणात तो आपल्या रोहू, कटला आणि मृगळ या माशांच्याच कुळातला. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी कार्प गटातल्या माशांमधून सोनेरी-केशरी रंगाचे मासे निवडून त्यांची पैदास सुरू झाली. हे मासे तेव्हा तळ्यात आणि मोठ्या रांजणांत ठेवले जात. टीव्हीशेजारचा बाऊल फार नंतरचा.

आज दुकानांत याचे दोन ढोबळ गट मिळतात. लांब, निमुळत्या शरीराचे कॉमन, कॉमेट आणि शुबुंकिन हे पहिल्या गटातले. ते चपळ असतात आणि नीट वाढले तर २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. दुसरा गट गोलमटोल शरीराच्या ‘फॅन्सी’ माशांचा. ओरांडा, रेड कॅप, ब्लॅक मूर, रायुकिन, रँचू ही त्यातली परिचित नावे. ते संथ असतात आणि साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

आयुष्याचा अंदाजही बहुतेकांचा चुकतो. चांगल्या पाण्यात गोल्डफिश १० ते १५ वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. गिनेस बुकने त्याची नोंद घेतली आहे. त्यामुळे आठवड्यात मेलेला मासा ‘आपले आयुष्य जगला’ असे म्हणता येत नाही.

‘टँक लहान असेल तर मासाही लहानच राहतो’, हे खरे का?

अर्धवट खरे आहे, आणि त्यामुळेच घातक आहे. लहान टँकमध्ये गोल्डफिशची वाढ खुंटते, पण ते जागेशी जुळवून घेणे नव्हे. साचलेल्या घाणीत आणि सततच्या ताणात शरीर वाढत नाही. पाठीला बाक येणे, पर झिजणे, वारंवार आजारी पडणे हे त्यासोबत येते.

दुसरा गैरसमज तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीचा. माशाला कुठे काय आठवते, असे म्हणून बाऊलचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात गोल्डफिश खाद्याची ठरलेली वेळ लक्षात ठेवतो आणि कळ दाबून खाद्य मिळवायला शिकतो, हे प्रयोगांतून दिसले आहे.

बाऊलमध्ये नेमके काय बिघडते?

गोल्डफिशला खरे जठर नसते. खाल्लेले अन्न सरळ आतड्यात जाते. त्यामुळे तो दिवसभर काही ना काही टिपत राहतो आणि तितकीच घाणही करतो. माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू कल्ले भाजून काढतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही त्यात अमोनिया असू शकतो.

इथे लिटर महत्त्वाचे ठरतात. बाजारातल्या सामान्य बाऊलमध्ये ३ ते ६ लिटर पाणी मावते. तीन फुटी टँकमध्ये सुमारे १२० लिटर. चार लिटर पाण्यात एक चमचा मीठ टाकले आणि १२० लिटरमध्ये तेवढेच टाकले, तर दुसरीकडे खारटपणा तीसपटीने कमी असेल. माशाच्या घाणीचेही तेच.

रोज सगळे पाणी बदलले तर? त्याने अमोनिया जातो, पण तापमान, क्लोरीन आणि पाण्याचा सामू रोज झटक्यात बदलतो. शिवाय घाण पचवणारे उपयुक्त जीवाणू कधीच स्थिरावत नाहीत.

पनवेलच्या उन्हाळ्यात वेगळी काळजी का?

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस त्याला मानवते. एप्रिल-मेमध्ये पनवेल परिसरातल्या बंद फ्लॅटमधले पाणी ३० अंशांपर्यंत सहज पोहोचते. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते.

पाण्यात हवा शिरते ती पृष्ठभागातून. गळ्यापर्यंत भरलेल्या बाऊलचे तोंड सहा इंच व्यासाचे असेल, तर उघडा पृष्ठभाग जेमतेम २८ चौरस इंच मिळतो. ३६ बाय १५ इंचांच्या टँकमध्ये तो ५४० चौरस इंच असतो, म्हणजे १९ पट. म्हणूनच कोपऱ्यात उभा राहणारा उंच, अरुंद टँक दिसायला आकर्षक असला तरी गोल्डफिशसाठी वाईट. लांब, रुंद आणि बेताच्या उंचीचा टँक घ्यावा.

उन्हाळ्यात टँकवर जाळीचे झाकण ठेवून पृष्ठभागावरून छोटा पंखा सोडला, तर बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी उतरते. कमी झालेले पाणी रोज भरावे लागते. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. टँक खिडकीच्या उन्हात किंवा बाल्कनीत ठेवू नये. पाणी तापते आणि शेवाळ वाढते.

मग टँक किती मोठा हवा?

दुकानात टँक फुटांत विकला जातो, माशाला मात्र लिटर कळतात. हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळते. वरची मोकळी जागा, काचेची जाडी आणि रेती यांसाठी त्यातून १० ते १५ टक्के वजा करा.

गोल्डफिश पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला किमान ठोकताळा असा : पहिल्या फॅन्सी माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. त्यानुसार नेहमीच्या मापांचे चित्र असे दिसते.

• २४ × १२ × १२ इंच : एकूण सुमारे ५६ लिटर. मोठ्या गोल्डफिशसाठी अपुरा. दुकानात ‘दोन फुटी’ म्हणून बहुधा हाच दाखवला जातो.

• २४ × १५ × १५ इंच : एकूण सुमारे ८८ लिटर, प्रत्यक्ष पाणी ७५ ते ८०. एक फॅन्सी मासा.

• ३६ × १५ × १५ इंच : एकूण सुमारे १३३ लिटर, प्रत्यक्ष पाणी ११५ ते १२०. दोन फॅन्सी मासे. फ्लॅटसाठी हे माप सर्वांत व्यवहार्य.

• ४८ × १८ × १८ इंच : एकूण सुमारे २५५ लिटर, प्रत्यक्ष पाणी २२० ते २३०. तीन, फार तर चार फॅन्सी मासे.

कॉमेट आणि कॉमन गोल्डफिशला पोहायला लांबी लागते. त्यांच्यासाठी चार फुटी टँक ही सुरुवात आहे. खरी जागा बंगल्याच्या अंगणातला हौद किंवा छोटे तळे. फ्लॅटमध्ये ते टाळलेलेच बरे.

फेंगशुईच्या नावाने ‘आठ सोनेरी आणि एक काळा’ असे नऊ मासे ठेवण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. याच ठोकताळ्याने नऊ माशांना सुमारे ३९५ लिटर पाणी लागते. पाणी, काच आणि स्टँड मिळून ते वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते.

फ्लॅटमध्ये एवढे वजन चालेल का?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३६ × १५ × १५ च्या टँकमध्ये १२० किलो पाणी, आठ मिलिमीटर काचेचे सुमारे २७ किलो आणि १०-१५ किलो रेती धरली, तर स्टँड सोडून १६० किलो होतात. दोन-तीन माणसे एका जागी उभी राहावीत इतके हे वजन आहे. आपल्याकडे राहत्या घराच्या स्लॅबची रचना भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरभार धरून केली जाते. हा भार संपूर्ण खोलीभर धरलेला असल्याने तीन फुटी टँक सुस्थितीतल्या इमारतीत अडचणीचा ठरू नये. तरी तो खोलीच्या मध्यभागी ठेवण्यापेक्षा भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावा. इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा गळती असेल, किंवा टँक चार फुटांपेक्षा मोठा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

धोका स्लॅबपेक्षा फर्निचरचा जास्त. प्लायचे टीव्ही युनिट किंवा शोकेस १६० किलोसाठी केलेले नसते. सतत पडणाऱ्या थेंबांनी प्लाय फुगते आणि एक कोपरा खचला की काचेला पीळ बसतो. वेल्डिंग केलेला लोखंडी स्टँड घ्यावा. पनवेलच्या दमट हवेत तो गंजतो, म्हणून रंगाचा थर चांगला हवा. वर जाड, सपाट फळी आणि त्यावर थर्माकोलचा थर दिला, की बारीक उंचसखलपणा झाकला जातो.

काच तपासताना काय पाहावे?

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो, लांबीने नाही. साडेतेरा इंच पाणी भरलेल्या तीन फुटी टँकच्या पुढच्या काचेवर एकूण जोर सुमारे ५४ किलोंइतका असतो आणि तो दिवसरात्र असतो. या मापाला आठ मिलिमीटर काच निर्धास्त ठरते. चार फुटी, १८ इंच उंच टँकला १० मिलिमीटर घ्यावी. काचेच्या कडा घासलेल्या असाव्यात आणि सांध्यातला सिलिकॉन सलग, बुडबुड्यांशिवाय असावा.

टँक घरी आणल्यावर स्टँडवर ठेवून, स्पिरिट लेव्हलने समतल तपासून, काठोकाठ भरून ४८ तास तसाच सोडावा. खाली वर्तमानपत्र पसरावे. एखाददुसऱ्या थेंबाची गळतीही त्यावर लगेच दिसते.

फिल्टर कोणता आणि वीजबिल किती?

फिल्टरचे मुख्य काम कचरा गाळणे हे नाही. त्यातल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेट बनवतात. म्हणून फिल्टर २४ तास चालू हवा. रात्री आवाज येतो म्हणून तो बंद करणे म्हणजे या जीवाणूंचा प्राणवायू तोडणे. गोल्डफिशसाठी तासाला टँकच्या पाच ते आठ पट पाणी फिरवणारा फिल्टर निवडावा. म्हणजे १२० लिटरला ६०० ते १००० लिटर प्रतितास. हा आकडा पंपाच्या खोक्यावर छापलेला असतो. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात. तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून घ्यावा.

२० वॉटचा फिल्टर आणि चार वॉटचा एअर पंप अखंड चालवला, तर महिन्याला सुमारे १७ युनिट वीज लागते. वीज दोन-तीन तास गेली, तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मासे आणि जीवाणू दोघांनाही तारतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाणी कुठले वापरायचे?

पनवेल परिसरात पाणी कधी नळाचे, कधी बोअरचे, तर उन्हाळ्यात टँकरचे असते. गोल्डफिश थोडे जड पाणी सहन करतो, त्यामुळे बोअरचे पाणी सहसा चालते. क्लोरीन मात्र चालत नाही. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवावे किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावेत. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली असेल, त्या दिवशी पाणी बदलू नये. आरओचे पाणी ‘शुद्ध’ म्हणून भरू नये. त्यातील क्षार निघून गेलेले असतात आणि सामू पटकन ढासळतो.

आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. १२० लिटरच्या टँकला हे साधारण दोन बादल्या होतात. पाणीटंचाईत हे जास्त वाटेल, पण काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असते आणि कुंड्यांतल्या झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

टँक आणि मासे एकाच दिवशी आणावेत का?

नाही. नव्या फिल्टरमध्ये उपयुक्त जीवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टँक भरून, फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर जीवाणू वाढतात. आधीच चालू असलेल्या निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ कमी होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मासे आणावेत. मुलांना हा महिना थांबायला सांगणे कठीण असते. मात्र बहुतेक नवे मासे मरतात ते याच महिन्यात.

मासे आणल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी आणि दुकानातले पाणी टँकमध्ये ओतू नये. टायगर बार्ब आणि एंजल गोल्डफिशचे पर कुरतडतात, सकर मासा अंगावरचा चिकट थर खरवडतो. त्यांची सोबत टाळावी.

कायदा काय सांगतो?

इटलीतील मोन्झा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यावर बंदी घातली. भारतात केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अंतर्गत टँकमधील माशांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम अधिसूचित केले होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. त्यामुळे घरात मासा कशात ठेवायचा, याची जबाबदारी सध्या पाळणाऱ्याच्या विवेकावर आहे.

एवढी जागाच नसेल तर?

तर गोल्डफिश घेऊ नये. दोन फुटी टँकमध्ये गप्पी आनंदाने राहतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग हेच मासे डबक्यांत आणि टाक्यांत सोडतो. ते आपल्याकडच्या उष्ण पाण्यात टिकतात आणि आकाराने लहानच राहतात. पिल्ले झपाट्याने वाढतात, म्हणून फक्त नर घ्यावेत. गोल बाऊल मात्र त्यांच्यासाठीही नको.

घरी आधीच बाऊलमध्ये गोल्डफिश असेल आणि मोठा टँक लगेच शक्य नसेल, तर तात्पुरता उपाय आहे. ६०-७० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर आणि वर जाळी. शोभा नाही, पण मासा जगतो. तेही जमत नसेल, तर मोठा टँक असलेल्या ओळखीच्या व्यक्तीला किंवा दुकानदाराला तो परत द्यावा.

गाढी नदीत किंवा पनवेलच्या वडाळे तलावात त्याला ‘मोकळे’ सोडणे हा पर्याय नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सविल शहरात जुलै २०२१ मध्ये केलर तलावातून चांगलेच थोराड झालेले गोल्डफिश काढण्यात आले. घरातले मासे तलावात सोडू नका, असे आवाहन तिथल्या प्रशासनाला करावे लागले. हे मासे तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि स्थानिक माशांचे अन्न पळवतात.

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : घरातली मोकळी जागा इंचांत, त्यातून निघणारे लिटर, त्या लिटरला लागणारा फिल्टर आणि दर आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलणाऱ्याचे नाव. यातले चौथे उत्तर मिळत नसेल, तर टँक कितीही मोठा घेतला तरी उपयोग नाही.